पैसे आले, पण कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, तुमच्या तूरडाळीच्या डब्यात पैसे असतात का हो? खरं सांगा हं! माझ्या सासूबाईंच्या डब्यात असतात. दूध, भाजी, रद्दी यांतून वाचवलेले आणि भाऊबिजेच्या ओवाळणीचे. किती आहेत ते मामंजींना कधी कळलं नाही, आणि विचारायची त्यांची छातीही झाली नाही. "बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे असावेत गं," असं सासूबाई नेहमी म्हणतात. मला ते पुरेपूर पटलेलं. तरीसुद्धा माझ्या स्वतःच्या कमाईचे पैसे यायला लागले, तेव्हा ते कुणाच्या डब्यात पडताहेत हे पाहायचं मात्र मी विसरले. तीच फजिती आज तुम्हांला सांगणार आहे.

मी साताऱ्याची. जुन्या मऊ सुती साड्यांच्या गोधड्या शिवायचा नाद मला माहेरपासूनचा. २०२० साली सगळे घरात कोंडले गेले, तेव्हा वेळ घालवायला म्हणून चार गोधड्या शिवल्या. भाचीनं त्यांचे फोटो काढून फोनवर इकडंतिकडं पाठवले आणि काय सांगू, मागण्या यायला लागल्या! वर्षभरात गल्लीतल्या चार बायका माझ्याबरोबर धावदोरा घालायला बसू लागल्या. एका गोधडीमागं इतकी मजुरी, असा आमचा सरळ हिशेब.

मग भाची म्हणाली, "मावशी, आता दुकान इंटरनेटवर मांड आणि कार्डानं पैसे घे. परदेशातल्या बायकांना आपलं यूपीआय कुठलं जमायला?" त्यासाठी 'पेमेंट गेटवे' लागतो म्हणाली. मला आपलं वाटलं, गेटवे म्हणजे मोठा दरवाजा बसवायचा की काय!

तो प्रकार मला समजला तो असा. आपल्याकडं पूर्वी हुंडी चालायची. एका गावच्या पेढीची चिठ्ठी पाहून दुसऱ्या गावची पेढी पैसे मोजायची; देणारा आणि घेणारा एकमेकांचं तोंडही पाहत नसत. कार्डाचं तसंच. गिऱ्हाईक आपल्या घरी बसून कार्डाचा नंबर टाकतं. तो नंबर गेटवेकडून माझ्या बाजूच्या बँकेकडं, तिथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून गिऱ्हाइकाच्या बँकेकडं जातो. ती बँक खात्री करून घेते आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणते. हा निरोप त्याच वाटेनं परत येतो. सगळं मिळून काही सेकंद! पण लक्षात ठेवा, त्या क्षणी येतो तो नुसता होकार. पैसे येतात मागाहून. आमच्या करारात ते दोन दिवसांनी खात्यात पडतात, आणि अर्थात कापून पडतात. भारतातल्या कार्डाला मला शेकडा दोन रुपये द्यावे लागतात आणि त्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे दोन हजारांच्या गोधडीवर चाळीस रुपये शुल्क, सात रुपये वीस पैसे कर, आणि हातात १९५२ रुपये ८० पैसे. परदेशी कार्डाला शेकडा तीन. दुकानभाडं नाही, तेव्हा हे काही फार नाही म्हणा. पण किंमत ठरवताना धरायला हवंच.

आता मुद्द्याचं. गेटवेच्या फॉर्मवर पॅन कार्ड, धंद्याचं नाव आणि बँकेचं खातं मागितलं होतं. पॅनवरचं नाव नि खात्यावरचं नाव जुळायला हवं, अशी अट. आमच्या 'ह्यां'चं विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. त्यांचं चालू खातं गेली वीस वर्षं आहे. हे म्हणाले, "नवं खातं कशाला उघडतेस? माझंच दे. पैसे काय, घरातच येणार!" मलाही ते सोयीचं वाटलं. बँकेत जायला नको, सह्या करायला नकोत. बारशाला, डोहाळजेवणाला उठून तयार होणारी मी, बँकेच्या पायऱ्या चढायच्या म्हटलं की मला कंटाळा यायचा.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. आणि मग २०२३ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीहून एका मुलीनं तीन गोधड्या मागवल्या. पुण्याला तिच्या भावाकडं बाळाचं बारसं होतं, तिथं पाठवायच्या होत्या. तीन गोधड्यांचे ६६०० रुपये तिनं कार्डानं भरले. आम्ही रात्री जागून गोधड्या पुऱ्या केल्या. पोचल्यावर तिनं बाळाचा गोधडीवर झोपलेला फोटोसुद्धा पाठवला. इतकं गोड बाळ!

ऑक्टोबरात गेटवेच्या कंपनीची सूचना आली : कार्डवाल्यानं 'हा व्यवहार मी केलेला नाही' अशी तक्रार केली आहे. याला म्हणतात 'चार्जबॅक'. ६६०० रुपये माझ्या पुढच्या पैशांतून कापून घेतलेले! आणि थोड्या दिवसांच्या मुदतीत पुरावे द्या, नाहीतर पैसे गेलेच समजा. माझ्या पायांखालची जमीनच सरकली. फोटो पाठवणारी मुलगी मला फसवील?

मी धीर करून तिला निरोप पाठवला. तासाभरात तिचा फोन आला. बिचारी रडकुंडीला आली होती. झालं होतं असं : कार्ड तिच्या नवऱ्याचं. महिन्याचं बिल आलं, त्यात डॉलरमधला एक आकडा आणि पुढं नाव काय, तर आमचं आडनाव आणि 'इलेक्ट्रिकल्स'! त्यानं तिला विचारलं, "तू भारतातून काही विजेचं सामान मागवलंस का?" ती म्हणाली, "छे, मी कशाला मागवू?" त्यानं सरळ बँकेला कळवून टाकलं.

बघा मैत्रिणींनो, गोधडी शिवणारी बाई, मागवणारी बाई. आणि कागदावर मात्र दोघींचे नवरे, एकमेकांना अजिबात न ओळखणारे! हसू आलं तरी माझ्या डोळ्यांत पाणीही आलं.

कारण तेवढ्यावर थांबलं नव्हतं. दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली. चार बायकांची मिळून अठरा हजार मजुरी द्यायची होती. मी ह्यांना म्हटलं, "अहो, खात्यातले माझे पैसे काढून द्या."

"आत्ता? अगं, कालच तांब्याच्या तारेचं बिल भागवलं. दिवाळी झाली की देतो की!"

'देतो की!' त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हो. दुकानाची निकड होती, खात्यात पैसे होते, त्यांनी वापरले. भांडायला तोंड कुठं होतं मला? खातं त्यांचं, नाव त्यांचं. पण चार घरांतल्या बायका माझ्या शब्दावर बसल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या मुलीची क्लासची फी त्या पैशांतून जायची होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी सासूबाईंनी काही न बोलता डाळीचा डबा माझ्यापुढं सरकवला. सोळा हजार निघाले! दोन माझ्या पर्समधले घातले. मजुरी वेळेवर दिली गेली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मला शाळा नाही झाली, म्हणून मी डबा केला. तुला काय झालंय?"

दुसऱ्या दिवशी मी बँकेच्या पायऱ्या चढले. तुम्हांला वाटतं तेवढं काही ते अवघड नाही. माझं पॅन आणि आधार होतंच. 'उद्यम' नोंदणी घरबसल्या आणि विनामूल्य होते, तिचा दाखला काढला. शॉप अ‍ॅक्टचा कागद केला. आठवड्याभरात गोधड्यांच्या धंद्याच्या नावानं, माझ्या सहीचं चालू खातं झालं. मग गेटवेकडं माझ्या नावानं नवा अर्ज केला. त्यांनी कानही उपटले : जो धंदा कागदावर लिहिलाय तोच चालायला हवा, मोटारींच्या नावावर गोधड्या विकायच्या नाहीत! बरोबरच होतं त्यांचं. आता गिऱ्हाइकाच्या बिलावर गोधडीचंच नाव उमटतं.

आणि ते ६६०० रुपये? बिल, कुरियरची पावती, पुण्याला माल घेतल्याची सही, तिचे निरोप आणि बाळाचा तो फोटो, सगळं पाठवलं. तिच्या नवऱ्यानंही बँकेला चूक कळवली. डिसेंबरात पैसे परत आले. तेव्हा मात्र ते ह्यांच्या खात्यातून माझ्या खात्यात ह्यांनीच आपणहून टाकले, आणि वर तारेच्या बिलात गेलेलेही! "तुझी मालकीण मोठी कडक आहे," असं म्हणाले. मालकीण म्हणजे सासूबाई, हे काय सांगायला हवं?

तुमच्यातल्या कितीतरी जणी पापड, मसाले, झबली, तोरणं विकत असतील. म्हणून ठेच खाऊन शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, पॅन, बँक खातं आणि धंद्याचं नाव तुमचंच असू द्या. गिऱ्हाइकाच्या बिलावर कोणतं नाव दिसेल ते आधी विचारा, आणि पावतीवर तसं लिहून टाका.

दुसरी, कुणी बाई फोनवर "ताई, घ्या नंबर नि तुम्हीच भरा," असं म्हणाली, तर साफ नाही म्हणा. तिला पैसे भरायचा दुवा पाठवा. १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशात विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर साठवायचाच नाही, त्याच्या जागी 'टोकन' नावाची खूण ठेवायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. परक्याच्या कपाटाची किल्ली आपल्या पदराला कशाला बांधायची?

तिसरी, परदेशी कार्डाचा मोह सांभाळून. आपल्याकडं इंटरनेटवर कार्ड वापरताना ऑगस्ट २००९ पासून नंबराखेरीज आणखी एक खात्री द्यावी लागते. आपल्याला येणारा ओटीपी हा त्यातलाच प्रकार. परदेशी कार्डाला पुष्कळदा ती नसते. अशी खात्री झालेली असेल, तर 'मी केलंच नाही' ही तक्रार सहसा कार्ड देणाऱ्या बँकेनं निस्तरायची असते. नसेल, तर ती विकणाऱ्याच्या गळ्यात पडते. अशी तक्रार चार महिन्यांपर्यंतसुद्धा येऊ शकते. म्हणून कुरियरच्या पावत्या वर्षभर जपा. मी त्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवते.

चौथी गोष्ट गिऱ्हाईक म्हणूनही उपयोगी. कधी पैसे कापले जातात, पण दुकानदाराकडं निरोपच पोचत नाही. नागपूरच्या एका बाईंचं असंच झालं. महिनाअखेर, त्यात दोन हजार गेले, कंठ दाटून आला होता त्यांचा. मी माझ्याकडची नोंद पाहून पैसे आलेले नाहीत हे त्यांना स्पष्ट सांगितलं आणि नियमही सांगितला. सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणं असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. त्यांचे चौथ्या दिवशी आले, आणि मग त्यांनी गोधडीही घेतली! घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरू नका, एवढंच सांगणं.

आता दर दोन-चार दिवसांनी माझ्या फोनवर बँकेचा निरोप येतो : अमुक रुपये जमा. मी तो सासूबाईंना वाचून दाखवते. त्यांना कार्ड कळत नाही, गेटवे कळत नाही. त्या एकच विचारतात, "तुझ्याच डब्यात पडले ना?"

"हो आई, माझ्याच."

त्यांचे सोळा हजार मी केव्हाच डब्यात परत ठेवलेत. त्यावर ह्या वर्षी भाऊबिजेला थोडे आणखी घातले, हे मात्र त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. पण आज रात्री जेवणं आटोपली की आपले पैसे कुणाच्या नावावर पडताहेत, तेवढं मात्र बघा. बघाल ना?