आक्षेपासह परत

टेबलावर, कीबोर्डाच्या डाव्या हाताला, आईच्या पोथीची ठवणी आहे आणि तिच्यावर एक जुना टॅबलेट. टॅबलेटवर एक करडा डबा दिसतो. वर काळी पाटी, पाटीच्या दोन्ही कडांना सहा-सहा बटणं, खाली अक्षरं आणि आकडे. पाटीवर चौदा ओळी मावतात, एका ओळीत चोवीस अक्षरं. एवढ्यात बसेल तेवढंच तो बोलतो, आणि त्याहून जास्त बोलायची त्याला हौसही नाही.

कागदोपत्री त्याचं नाव एमसीडीयू. एअरबस ए३२० विमानात दोन वैमानिकांच्या मधे असे दोन डबे शेजारी-शेजारी बसवलेले असतात. विमान कुठून कुठे जाणार, कोणत्या वाटेने, किती उंचीवरून, किती वजन घेऊन, हे सगळं या डब्यांच्या तोंडूनच विमानाच्या गणकाला कळवावं लागतं. माझं विमान खोटं आहे. ते फ्लाइट सिम्युलेटरमध्ये उडतं. भाच्याने फ्लायबायवायर नावाच्या हौशी मंडळींनी फुकट वाटलेलं ए३२० माझ्या संगणकात घालून दिलं आणि डबा तेवढा टॅबलेटवर काढून दिला. विमान खोटं, पण डबा वागतो खऱ्यासारखा. आमच्या घरात त्याला ‘कारकून’ म्हणतात. नाव हिने ठेवलं.

मी स्वतः चौतीस वर्षं जिल्हा कोषागारात देयकं तपासली. लेखाशीर्ष चुकलं, परत. अक्षरी रक्कम आणि अंकी रक्कम जुळत नाही, परत. सही आहे पण शिक्का नाही, परत. लाल शाईत ‘आक्षेपासह परत’ लिहिताना हात इतका सरावला होता की रविवारी किराण्याच्या यादीवरही पेन त्याच वळणाने फिरायचं. त्यामुळे ‘कारकून’ म्हणताना हिचा नेम नक्की कुणावर होता, हे मी विचारलेलं नाही.

कारकुनाची कामाची रीत ठरलेली आहे. पहिलं पान उघडलं की ‘कुठून/कुठे’ या शीर्षकाखाली चार-चार रिकामे चौकोन नारिंगी रंगात उभे असतात. नारिंगी चौकोन म्हणजे भरल्याशिवाय पुढे सरकायचं नाही असा रकाना. तुम्ही भरलेलं निळसर दिसतं. त्याने स्वतः हिशेब करून काढलेलं हिरवं. कोणता आकडा कुणाचा, हे रंगावरून कायम कळतं. आमच्या कार्यालयात कोणती टिप्पणी कुणाची हे शोधायला अख्खी दुपार जायची.

थेट रकान्यात लिहायची सोय मात्र नाही. आधी सगळ्यात खालच्या ओळीत कच्चं लिहायचं, मग रकान्याशेजारचं बटण दाबून ते वर चढवायचं. अक्षरंही टंकलेखन यंत्रासारखी नाहीत. बालवाडीच्या तक्त्यासारखी ए-बी-सी-डी ओळीने लावलेली. तीस वर्षं टाइप केलेल्या माणसाचं बोट तिथे पहिल्या दिवशी नवशिक्यासारखं भटकतं. पुसायचं बटण दाबलं आणि खालची ओळ रिकामी असली, तर ‘पुसा’ हा शब्दच त्या ओळीत येऊन बसतो; मग तो उचलून ज्या रकान्यावर ठेवाल तो रकाना साफ. खोडरबरसुद्धा रीतसर अर्ज करून मिळावं, तसा प्रकार.

मी पहिल्यांदा मुंबई-गोवा भरायला घेतलं ती संध्याकाळ आठवते. मुंबईचा चार अक्षरी कोड व्ही-ए-बी-बी. पुण्याचा व्ही-ए-पी-ओ. दोन्ही व्ही-ए, म्हणजे दाबोळी व्ही-ए-जी-ओ असणार असं मी परस्पर ठरवलं. कारकुनाने पाटीवर लिहिलं, ‘नॉट इन डेटाबेस.’ मी पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. आवाज चढला नाही, शब्द बदलला नाही. शेवटी पुस्तक काढून पाहिलं तर गोवा आमच्या गटातच नाही. तो दक्षिणेच्या गटात, चेन्नई-बेंगळुरूच्या पंगतीत, व्ही-ओ-जी-ओ. दुरुस्त केलं आणि चौकोन मुकाट्याने निळे झाले. शाबासकी नाही, टोमणा नाही.

त्याच्या आक्षेपांची भाषा मोजकी आहे, पण त्यात प्रतवारी आहे. ‘फॉरमॅट एरर’ म्हणजे लिहिण्याची पद्धत चुकली; तिरकी रेघ राहिली असेल. ‘एंट्री आउट ऑफ रेंज’ म्हणजे पद्धत बरोबर, पण आकडा आवाक्याबाहेर. मी एकदा उंचीसाठी २९० ऐवजी ९२० टाकलं, म्हणजे प्रवाशांना ब्याण्णव हजार फुटांवर नेऊ केलं, तेव्हा हे आलं. ‘नॉट अलाऊड’ म्हणजे इथे, आत्ता, हे करायचंच नाही. कारण नाही. वर अपील नाही.

याची माहितीही पंचांगासारखी मुदतीची असते. विमानतळ, धावपट्ट्या, हवाई वाटा, वाटेवरचे पाच-पाच अक्षरी बिंदू यांची जगभरची यादी दर २८ दिवसांनी नवी निघते, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचं पंचांग पोटात आहे हे तो एका पानावर प्रामाणिकपणे दाखवतो. जुनं असलं तरी काम करतो. मात्र मुदत संपलेली तारीख तिथेच लिहिलेली राहते, कार्यालयाच्या भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर लटकत राहावं तशी.

पण त्याची मला सगळ्यात आवडणारी खोड वेगळीच आहे. वाट भरताना दोन तुकडे एकमेकांना जुळले नाहीत, तर तो आपल्या मनाने सांधा मारत नाही. दोन ओळींच्या मधे चौकोन आणि रेघा टाकून लिहून ठेवतो, इथे वाट तुटलेली आहे. हवेत असताना विमान त्या तुटक्या जागी पोचलं आणि तुम्ही काही केलं नाहीत, तर त्याचं वाट चालणं तिथेच संपतं; ज्या दिशेला तोंड असेल त्या दिशेने ते सरळ जात राहतं. नवखा माणूस घाबरून दिसेल तो खाडा पुसून टाकतो. मीही टाकत होतो. मग कळलं की काही खाडे पुसायचे नसतात. पुढची दिशा जमिनीवरून नियंत्रक सांगणार असेल, तर तिथे मोकळी जागाच बरोबर. ठाऊक नसेल तिथे ‘ठाऊक नाही’ लिहिणारा कारकून मी नोकरीत फार पाहिला नाही. रकाना मोकळा राहण्यापेक्षा ‘निरंक’ लिहिलेलं बरं, हीच आमची शिकवण.

विमान जागं होतानाचा वेळ याहून मजेचा. खऱ्या विमानात डब्याला आपली जागा कळायला जडत्वमापकांची मदत लागते. त्यांच्यात लेझरचे किरण फिरत असतात, आणि ते इतके हळवे असतात की जमिनीवर उभ्या विमानात बसून त्यांना पृथ्वीचं फिरणं जाणवतं. तासाला १५ अंश. या फिरण्यावरून ते उत्तर दिशा शोधतात आणि आपण विषुववृत्तापासून किती लांब आहोत तेही ताडतात. याला काही मिनिटं लागतात. विषुववृत्ताजवळ लवकर उरकतं, ध्रुवाकडे जाल तसं लांबतं. तोवर विमान हलवायचं नाही. आता माझ्या टेबलाखालच्या संगणकात ना लेझर आहे, ना त्याला पृथ्वी फिरल्याचं कळतं. तरीही सिम्युलेटरचं विमान तेवढी मिनिटं थांबतं. हे थांबणं निव्वळ शिष्टाचाराचं. एक बटण दाबून ते टाळता येतं, भाचा टाळतो. मी टाळत नाही. चहा टाकतो. ही म्हणते, “न फिरणाऱ्या पृथ्वीची वाट बघताय.” म्हणणं खरं आहे.

मात्र त्या हळव्या मापकांना एक गोष्ट काही केल्या कळत नाही. उत्तर-दक्षिण कळतं, पूर्व-पश्चिम नाही. कारण पृथ्वीचं फिरणं मुंबईच्या अक्षांशावर कुठेही उभं राहा, सारखंच जाणवतं. रेखांश बाहेरून सांगावा लागतो. आणि इथे कारकुनाची मर्यादा उघडी पडते. १० मार्च २०१५ ला सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एका ए३३० विमानात, ए३२० च्या थोरल्या भावंडात, कप्तानाने विमान उभं होतं त्या जागेचे आकडे हाताने भरले. रेखांश हवा होता १५१ अंश ९.८ मिनिटं. भरला गेला १५ अंश १९.८ मिनिटं. एक अंक इकडचा तिकडे. लिहायची पद्धत अचूक, आकडा आवाक्यातला, रेखांश जगात असलेला. डब्याने तो घेतला. विमान सिडनीत उभं आणि कागदोपत्री केपटाऊनच्या पश्चिमेला भर समुद्रात. चूक ११,००० किलोमीटरांहून अधिक. इशारे नंतर मिळाले, पण त्यांचा अर्थ लागला नाही आणि विमान तसंच उडालं. उडाल्यावर यंत्रं एकेक करून भांबावली. सिडनीवर ढग खाली आलेले, परतता येईना. शेवटी ते मेलबर्नला उतरवलं. कुणाला इजा झाली नाही.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाने केलेल्या चौकशीची ही हकिगत वाचली त्या रात्री मी विमान उडवलं नाही. मला माझं टेबल आठवत होतं. अक्षरी-अंकी जुळणारी, सही-शिक्क्याची, रेघन् रेघ बरोबर असलेली किती देयकं मी पास केली, आणि त्यातली खरी किती, हे मला कधीच कळलं नाही. ते पाहणं माझं काम नव्हतं. माझं काम रकाना पाहण्याचं. कारकूनही तेच करतो. तो खोटेपणा पकडत नाही, बेशिस्त पकडतो.

म्हणून तर खऱ्या विमानात डबे दोन आणि माणसंही दोन. एकाने भरायचं, दुसऱ्याने पडताळायचं. आमच्याकडेही मांडणारा आणि तपासणारा एकच चालत नसे. घरच्या विमानात मात्र दोन्ही मीच. याचं फळ मला मिळालं होतं. एकदा मुंबईहून निघताना धावपट्टी २७ घ्यायची होती, समुद्राच्या बाजूला उडणारी. डब्यात मी ०९ टाकून बसलो. डांबर तेच, टोक उलटं. शून्य-नऊ ही धावपट्टी आहेच, तेव्हा आक्षेप कसला? जुहूवरून वर चढलो आणि नकाशावरची हिरवी रेषा पाहतो तर ती माझ्या पाठीमागे, घाटकोपरच्या दिशेने निघालेली.

हे जेवताना हिला सांगितलं. ही टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. जन्मभर आकडे एकेक सुटा करून बोलली आणि समोरच्याकडून परत वदवून घेतले. म्हणाली, “तुम्ही भरा, मी वाचते.” तेव्हापासून शनिवारी रात्री मी टॅबलेटपुढे आणि ही शेजारी, हातात छापलेला कागद.

“वजन?”

“पाच, आठ, पॉइंट, चार.”

“पाच, आठ, पॉइंट, चार. बरोबर. उंची?”

गेल्या शनिवारी धावपट्टीपाशी ती थांबली. चष्मा वर केला. “अहो, कागदावर दोन-सात आहे. तुम्ही शून्य-नऊ घातलंय.” माझं बोट पुन्हा सवयीने तिथेच गेलं होतं. कारकून निळ्या अक्षरांत शांत बसलेला.

दुरुस्ती केली, निघालो. मुंबई-गोवा हवेतलं अंतर जेमतेम सव्वादोनशे सागरी मैल, आणि कारकुनाला उतरण्याच्या ठिकाणचा वारा, तापमान आणि हवेचा दाब साधारण १८० मैल आधीच हवा असतो. त्यामुळे चढण संपते न संपते तोच त्याचा तगादा सुरू: ‘एंटर डेस्ट डेटा.’ हिने वाचून दाखवलं, मी भरलं. मग तो गप्प. डावीकडे अंधारात सह्याद्री असणार, उजवीकडे समुद्र. दाबोळीला चाकं टेकली, जरा जोरातच. धावपट्टीवरून बाहेर वळलो आणि पहिलं पान पुन्हा उघडलं. वाट नाही, वजन नाही, सव्वादोनशे मैलांची खूण नाही. ‘कुठून/कुठे’च्या खाली चार-चार नारिंगी चौकोन, कोरे.

ही कागद घडी करत म्हणाली, “एवढं करून हा पावतीसुद्धा देत नाही?”

“आक्षेप आला नाही, हीच पावती,” मी म्हटलं.

ही उठली. “आक्षेप तर शून्य-नऊलाही नव्हता.”