वेरूळचं चित्र छापणारा जपानी चित्रकार

वेरूळ आपल्या शहरापासून जेमतेम ३० किलोमीटर. मुलांसाठी ते सहलीचं ठिकाण. डबा खायचा, कैलास लेण्यासमोर फोटो काढायचा, की निघायचं. पण हेच लेणं बघायला १९३०-३१ च्या हिवाळ्यात जपानहून एक चित्रकार आला होता, आपल्या तरुण मुलाला सोबत घेऊन. नाव हिरोशी योशिदा. परत गेल्यावर त्याने भारतातल्या चित्रांची मालिका लाकडी ठशांनी छापली. त्यात ताजमहाल आहे, तसंच आपलं वेरूळही आहे.

योशिदाचा जन्म १८७६ चा. शाळेतल्या चित्रकला शिक्षकांनी या मुलाचा हात ओळखला आणि पुढे त्याला दत्तकच घेतलं. 'योशिदा' हे आडनाव त्या गुरुजींचं. शिक्षक म्हणून मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

१९२३ च्या भूकंपात टोकियोतल्या प्रकाशकाकडे असलेले त्याचे ठसे जळून गेले. पन्नाशीजवळ आलेल्या या माणसाने मग १९२५ मध्ये स्वतःची कार्यशाळा उभी केली. चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा, अशी तिथली जुनी रीत. याने मात्र तिन्ही कामं शिकून घेतली. स्वतःच्या देखरेखीखाली छापलेल्या चित्राच्या कडेला तो 'जिझुरी' असा शिक्का मारायचा.

त्याची १९२६ ची शिडाच्या होड्यांची चित्रं मुलांना जरूर दाखवा. ठसे तेच, फक्त रंग बदललेले. एका चित्रात सकाळ, दुसऱ्यात धुकं, तिसऱ्यात रात्र!

हे वर्गात सहज करता येतं. अर्ध्या बटाट्यावर घर किंवा डोंगर कोरून द्या (चाकू आपल्याच हातात ठेवा). तोच ठसा तीन कागदांवर सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा रंगांत उमटवायला सांगा. "मॅडम, संध्याकाळी डोंगर कोणत्या रंगाचा दिसतो?" असं मुलं विचारतील. उत्तर देऊ नका. घरी जाताना बघून यायला सांगा.

परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो. पालकांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. पण नीट बघायची सवय मुलांना त्याच तासाला लागते, आणि ती विज्ञानालाही लागतेच.

पुढच्या सहलीला वेरूळला गेलात, तर प्रत्येक मुलाला एक कोरा कागद, एक पेन्सिल आणि वीस मिनिटं द्या. फोटो नंतर काढू.