चाक कुणाच्या मापाचे?

यंदा ईदला घरात सायकल घ्यायची ठरली. पैसे एकीपुरतेच होते आणि चालवणारे दोघे: नववीतला थोरला आणि सातवीतली धाकटी. जुन्नर-घोडेगाव रस्त्यापासून आमचे घर बरेच आत. मध्ये सगळा मुरूम आणि गोटे. म्हणून जाड टायरची, डोंगरी सायकल हवी, इथवर सर्वांचे एकमत होते.

दुकानात वाद सुरू झाला. थोरल्याला 29 इंची चाकच हवे. त्याचे म्हणणे चूक नव्हते. मोठे चाक दगड, खड्डा सहज ओलांडते आणि सपाटीवर वेग टिकवते. पण ते जड. चढावर जोर लागतो, अरुंद वळणावर सावकाश फिरते. 26 इंची हलके, चटकन वळणारे. मात्र खड्ड्यात जास्त आदळते. 27.5 हे या दोहोंमधले.

"मोठीच घेऊ, धाकटीही उंच होईल," मीच म्हणाले. तिला बसवून पाहिले, तर पाय जमिनीला पोचेनात. उतरताना तोल गेला. कपडे झटकत ती म्हणाली, "राहू द्या अम्मी, भाईजानला घ्या."

मला एकदम नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस आठवली. वडिलांनी त्यांना भेट दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षी राहण्याची विनंती केली. सर्व मुलांना असेच दिले का, असे प्रेषितांनी (स.) विचारले. उत्तर नकारार्थी आल्यावर ते साक्षी राहिले नाहीत. ही हदीस मी इतर बायकांना कितीदा समजावून सांगितली आहे! आणि मीच काय करायला निघाले होते?

आम्ही 27.5 ची, लहान फ्रेमची सायकल घेतली. सीट खटक्याने वर-खाली होते. टायरवरचे माप वाचून एक जादा ट्यूबही घेतली, कारण नुसत्या इंचांवर विसंबता येत नाही. डोंगरी सायकलच्या 26 इंची चाकाची रिम 559 मिलिमीटरची, तर जुन्या लेडीज सायकलच्या 26 इंचीची 590. एकीचा टायर दुसरीला बसत नाही.

थोरला आठवडाभर फुरंगटून होता. सकाळी शाळेला सायकल धाकटी नेते, संध्याकाळी क्लासला तो. परवा इशाच्या नमाजनंतर अंगणात खटका वाजला. पाहते तर तो सीट खाली करून ठेवत होता, सकाळी बहिणीची घाई होऊ नये म्हणून. अल्हम्दुलिल्लाह.