रोजकीर्दीतले एक पान

इतिहासाच्या तासाला आमच्या सरांनी एकदा विचारले, "हैदराबादची पोलीस कारवाई पाच दिवस चालली. त्या पाच दिवसांत तुमच्या घरी चूल पेटली होती का?" कारवाईच्या तारखा आम्हा सर्वांना पाठ होत्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले आणि १७ तारखेला निजाम शरण आला. परंतु चुलीविषयी वर्गात कोणालाच काही सांगता आले नाही. "मग घरी जा आणि जुने कागद शोधा," सर म्हणाले.

कागद शोधण्याचा योग गेल्या पावसाळ्यात आला. बोरी हे आमचे गाव जिंतूर तालुक्यात. तेथील जुन्या घराचे माळवद गळू लागले म्हणून फडताळातील सामान बाहेर काढले, तेव्हा लाल कापडात बांधलेली एक लांबट वही हाती लागली. ती माझ्या पणजोबांची रोजकीर्द होती. त्यांचे लहानसे किराणा दुकान होते. अक्षर मोडी, सन फसली आणि रुपये हाली. आज आम्हांला यातले काहीच समजत नाही. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गुरुजींपुढे मी आठ दिवस बसलो, तेव्हा कोठे ती वही बोलू लागली.

खरे सांगायचे तर प्रथम माझी निराशा झाली. युद्धकाळातील दैनंदिनी म्हणजे तीत तोफांचे आवाज असतील, अश्रू असतील, असे मला वाटत होते. येथे तर गूळ, मीठ, रॉकेल यांचेच हिशेब! पण हळूहळू त्या हिशेबांतून माणसे दिसू लागली. श्रावणात एक नोंद आहे: 'गाडीभाडे, मंडळी वऱ्हाडात पाठविली.' रझाकारांच्या भीतीने त्या काळी कितीतरी घरांनी बायकामुले सरहद्दीपलीकडे नेऊन ठेवली होती. आमचे आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. ते त्याच गाडीत होते. भाद्रपदात पाच दिवसांपुढे फक्त 'दुकान बंद' एवढेच लिहिले आहे. घरात बायकामाणूस नव्हते. सरांच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तेच असावे.

पुढे सरांनी मला अशा कागदांविषयी आणखी वाचायला लावले. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. हा गरीब भिक्षुक लुटला गेला, उपाशी राहिला, आणि तरीही आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड घेऊन घरी परतला. हे सर्व त्यांनी १८८३ साली लिहून काढले. चिंतामणराव वैद्यांनी ते 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली प्रसिद्ध केले, पण त्यात बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर वाचकांना मिळाला तो १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांमुळे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांची हकीकत आणखी निराळी आहे. पुष्कळांना लिहिता येत नसे. ते दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेत. ती पत्रे सरकारचे अधिकारी उघडून वाचत आणि त्यांतील उतारे इंग्रजीत करून ठेवत. शिपायांना हे ठाऊक होते, म्हणून काळी मिरची म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरा, अशी सांकेतिक भाषाही कोणी वापरी. गावी पोचलेली बहुतेक पत्रे काळाच्या ओघात गेली. पहारेकऱ्यांनी काढलेले उतारे मात्र लंडनच्या दप्तरात राहिले. अॅन फ्रँक या मुलीची दैनंदिनी तर जगभर वाचली जाते. १९४७ साली ती प्रथम छापताना तिच्या वडिलांनीही काही मजकूर गाळला होता आणि तो पुढे प्रसिद्ध झाला.

हे वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लिहिणारा लिहून जातो, पण मागाहून येणारे आपण, प्रेमापोटी असो वा भीतीपोटी असो, त्याचे लिहिणे नीटनेटके करू पाहतो. ही गोष्ट आपल्याही घरी घडणार आहे, हे मात्र तेव्हा मनात आले नव्हते.

पितृपक्षातील पान आम्ही शेवटी वाचले. पणजोबांनी वडिलांच्या श्राद्धासाठी आणलेले तांदूळ आणि तूप तेथे मांडले आहे. त्याखाली दोन ओळी आहेत. 'शेजारी यांस जोंधळे दोन पायल्या.' यापुढे रक्कम नाही. आणि लगेच, 'त्यांचे घंगाळ ठेविले, हाली रुपये पाच.'

हे शेजारी मुसलमान होते. त्यांचा आणि आमचा आड एकच होता. पणजोबांनी त्या दिवसांत त्यांना सांभाळले, असे आमच्या घरी अभिमानाने सांगतात. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे होते. त्यानंतर कितीतरी ठिकाणी ज्यांचा काही अपराध नव्हता अशा मुसलमानांवर सूड उगवला गेला, हेही तितकेच खरे आहे. त्याची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार प्रभृती मंडळी १९४८ च्या अखेरीस राज्यात हिंडून आली. त्यांचा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. आमचे शेजारी त्याच सुमारास गाव सोडून गेले ते परत आले नाहीत. त्यांचे तांब्याचे घंगाळ अजून आमच्याकडे आहे. दिवाळीच्या पहाटे आम्ही त्यातल्याच पाण्याने अभ्यंगस्नान करतो.

'ठेविले' म्हणजे काय? सांभाळायला ठेवले, गहाण ठेवले, की पाच रुपयांत घेऊन टाकले? गुरुजी म्हणाले, "अक्षर मी वाचू शकतो. मनातले कसे वाचू?"

चुलते एवढेच म्हणाले, "ते पान फाडून टाक. जोंधळ्याची ओळ सांग लोकांना, घंगाळाची कशाला?" मी वही घेऊन आजोबांकडे गेलो. त्यांनी दोन्ही ओळी माझ्याकडून दोनदा वाचून घेतल्या.

"आम्ही दसऱ्याला वऱ्हाडातून आलो तवा घंगाळ घरात होतं," ते म्हणाले. "मी इचारलं, तर बाप काही बोलला नाही." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "चोरून घेतलं असतं तर लिवलं नसतं. अन् परत दिलं असतं तर तेबी लिवलं असतं. पान फाडू नको, पोरा."

मी पुढची सर्व पाने शोधली. घंगाळ परत दिल्याची नोंद कोठेही नाही.

मित्रहो, आपल्या मराठवाड्यात असे कागद फार थोडे उरले आहेत. लिहिता येणारी माणसे मोजकी होती. सरकारी कारभार उर्दूत चाले आणि घरचा हिशेब मोडीत. त्या धामधुमीत जवळ चिठ्ठी बाळगणेही जोखमीचे होते. म्हणून कोणाच्या घरी जुने पोस्टकार्ड, एखादी वही, हिशेबाचा चिटोरा सापडला तर तो रद्दीत घालू नका. त्यात आपल्याला हवे तेच सापडेल असे मात्र समजू नका.

मी ते पान बाळबोधीत उतरवून सरांना दिले आहे. दोन्ही ओळी जशाच्या तशा, एकाखाली एक ठेवल्या आहेत. घंगाळाचे काय करावे, हे अजून घरात ठरलेले नाही. या दिवाळीत आजोबांनी ते बाहेर काढू दिले नाही.