तितली, परवाना आणि सिगारेटचं कार्ड

सिगारेटच्या पाकिटात पूर्वी एक छोटं चित्र असायचं. पाकीट नरम कागदाचं, म्हणून आतल्या सिगारेटी मोडू नयेत यासाठी जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. १९व्या शतकाच्या अखेरीस कंपन्यांनी त्यावर चित्रं छापायला सुरुवात केली. संच पूर्ण करायचा म्हणून गिऱ्हाईक तोच छाप पुन्हा घेई आणि पोरं मोठ्यांकडे कार्डं मागत. तंबाखूचा धंदा असा मुलांच्या खिशात शिरला, हे शिक्षक म्हणून आम्हाला खटकतंच. तरी त्या कार्डांवरच्या फुलपाखरांनी आम्हाला विचारात पाडलं.

१९२० च्या दशकातल्या काही ब्रिटिश कार्डांवर मुलीच्या पाठीला फुलपाखराचे पंख लावलेले दिसतात. कल्पना जुनीच. ग्रीक भाषेत 'सायकी' म्हणजे आत्मा आणि फुलपाखरूही; त्या नावाच्या कथेतल्या युवतीला चित्रकार तेच पंख देत आले. पाकिटात शिरेपर्यंत आत्मा गळून गेला. उरली देखणी, चंचल पोरगी.

आमच्या उर्दूत तरी काय वेगळं आहे? फारसीत परवाना म्हणजे पतंगही आणि फुलपाखरूही. उर्दू शायरीत तो शमेवर जीव ओवाळणारा आशिक झाला, पुल्लिंगी. फुलपाखरासाठी राहिली तितली, स्त्रीलिंगी. जळून अमर व्हायचं ते त्याने. हिने नुसतं बागेत उडायचं. मोहल्ल्यात एखादी मुलगी दोनदा घराबाहेर दिसली की 'तितली बनी फिरती है' हा टोमणा तयार असतो. आठवीनंतर कितीतरी मुलींची शाळा सुटते ती अशाच बोलण्यांनी. (मराठीने फुलपाखरू नपुंसकलिंगी ठेवलं, याबद्दल या भाषेचे आभारच मानायला हवेत.)

१९३२ मध्ये नॉटिंगहॅमच्या जॉन प्लेअर अँड सन्सने ५० फुलपाखरांचा संच काढला. त्यात पंख आहेत ते फुलपाखरालाच, आणि मागच्या बाजूला त्या जातीची माहिती. आम्हाला हा संच जास्त आवडतो. पुढे दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि ब्रिटनमध्ये असली कार्डं बंद पडली.

यंदा शाळेच्या भिंतीलगतच्या कढीपत्त्यावर हिरवी अळी सापडली. हिचंच पुढे काळं फुलपाखरू होणार, असं सांगितल्यावर सातवीतली एक मुलगी म्हणाली, "ये तो दिनभर खातीच है, उडेगी कब?" आता मधल्या सुट्टीत डबा तिथेच नेऊन खाते.