दोघांचा डाव

पत्त्यांचा नाद मला लहानपणापासूनचा. परंतु आमच्या घरी तो झब्बू, बदाम सात आणि फार तर मेंढीकोट यांच्यापलीकडे कधी गेला नाही. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, यशवंतपूरच्या गच्चीवर, भाच्याकडून मी पोकरचे धडे घ्यावेत याचे माझे मलाच नवल वाटते. बाजार समितीच्या आवाराकडे कांद्याच्या मालमोटारी निघालेल्या असतात, स्टेशनातून गाडीची शिट्टी ऐकू येते, आणि आम्ही दोघे चिंचोके लावून बसतो.

हाती दोन पाने, मध्ये सामाईक पाच. दोन्ही एक्के हाती येण्याचा योग 221 डावांत एकदाच. तो आला की मी मुनीसारखा गप्प बसे. हा मोठा धूर्तपणा, अशी माझी समजूत! भाचा हसला. "मामा, तुम्ही गप्प बसता आणि मी पुढचे पान फुकटात पाहतो." मध्ये 10 चिंचोके आहेत असे धरा. तीन फेऱ्यांत दरवेळी जमलेल्याच्या निम्मे लावले आणि समोरच्याने ते भरले, तर त्याच्याकडून 5, 10 आणि 20 असे 35 येतात. पहिली फेरी मौनात घालवली, तर अवघे 15! समोरचा स्वतःच फुशारकीने लावणारा असेल, तरच मौन फळते. एकदम ढीग लोटावा, तर तो पाने टाकून उठतो. त्याला झेपेल तेवढेच, परंतु प्रत्येक फेरीत, मागायचे.

हे शहाणपण त्याने कोठे मिळवले, ते मला ठाऊक होते. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मला सुटकाच दिसली होती. पुढे कर्जवसुलीचे एक पत्र चुकून माझ्या हाती पडले. ते तीन आठवडे माझ्या खिशात होते. त्याची आई, माझी धाकटी बहीण, सांगलीला एकटी असते. पत्र पुढे टाकले असते, तर पोरगा त्याच रात्री दुसरीकडे खोली पाहता; आणि मी नुसता गप्प बसलो, तर त्याचा एकेक महिना फुकट निघून जात होता.

त्या संध्याकाळी पाने पिसता पिसता मी सहज विचारले, "आईला या महिन्यात पैसे पाठवलेस का रे?"

"नाही, मामा."

एक डाव झाला. तो मीच हरलो. "आणि मागच्या महिन्यात?"

त्याने मान हलवली. बराच वेळ तो चिंचोक्यांची रास रचीत राहिला, मग ती त्याने हातानेच मोडली. "दोन लाख चाळीस हजार आहेत, मामा," तो म्हणाला. "तिला सांगू नका."

मी खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. पत्रातला आकडा 90 हजारांचा होता.