अमुक

पूजेच्या पोथीत एक शब्द असतो, त्याच्याकडे यजमानाचे सहसा लक्ष जात नाही. तो शब्द म्हणजे ‘अमुक’. अमुक संवत्सर, अमुक मास, अमुक तिथी, अमुक गोत्र. छापणाऱ्याने पोथी एकदाच छापली. पुढे गुरुजी त्या जागी आजची तिथी आणि समोर सोवळे नेसून बसलेल्या गृहस्थाचे नाव घालतात, आणि तीच पोथी घरोघर चालते. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे, अशीही सोय जुन्या लोकांनी करून ठेवली आहे.

माझा उदरनिर्वाह या ‘अमुक’वर चालतो, असे म्हटले तर ते फारसे खोटे होणार नाही. मोठ्या इमारतीत संगणकांना एकमेकांशी जोडणारी शेकडो यंत्रे जिन्याखाली, छताला, कपाटात बसलेली असतात. ती जिवंत आहेत ना, हे पाहायला एक पहारेकरी प्रोग्राम ठेवतात. नॅजिऑस हा त्यांतला नामांकित. १९९९ साली तो ‘नेटसेंट’ या नावाने निघाला, २००२ मध्ये त्याचे बारसे पुन्हा झाले. ठराविक वेळाने तो प्रत्येक यंत्राला हाक मारतो. ओ आली नाही, तर माणसाला उठवतो. पण हाक कोणाला मारायची हे त्याला लिहून द्यावे लागते. नाव, पत्ता, किती वेळाने पाहायचे, कोणाला कळवायचे अशा एकेका यंत्राच्या आठदहा ओळी. तीनशे यंत्रे म्हटली की तीन हजार ओळी झाल्या. हाताने लिहिणाऱ्याला शंभराव्या यंत्रापाशी पेंग येते आणि पत्त्यातला एखादा आकडा बदलतो.

म्हणून पोथी करायची. मजकूर एकदाच लिहायचा, जागोजाग ‘अमुक’ ठेवायचे, शेजारी यंत्रांची यादी द्यायची. बाकीचे छोटासा प्रोग्राम करतो. पायथॉनमध्ये या कामी जिंजा नावाचे साधन वापरतात. जिंजा म्हणजे जपानी देऊळ. ‘टेंपल’ आणि ‘टेम्प्लेट’ यांच्या उच्चारसाम्यावरून ते नाव पडले. तेव्हा माझी पोथीची उपमा अगदीच वावगी नसावी.

तीन हजार ओळी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तयार होतात. त्याचे कौतुक दोन दिवस टिकते. साचा पितळेचा असो की चांदीचा, सारण खवट असेल तर करंजी खवटच निघायची. आणि इथले सारण म्हणजे यादी.

एका रुग्णालयाने मला या कामासाठी बोलावले, ते एका वाईट रात्रीनंतर. प्रयोगशाळेतला एक स्विच बंद पडला होता. तो वेगळ्याच निधीतून आलेला. यादीत त्याचे नावच नव्हते. पहारेकऱ्याच्या पडद्यावर सारे हिरवेगार. वर अतिदक्षता विभागात डॉक्टर रक्ताच्या अहवालाची वाट पाहत होते, आणि वॉर्डबॉय कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन पहाटेपर्यंत चार जिने चढत-उतरत होता. सकाळी कोणीतरी त्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, “आमच्याकडे तर बिघाड दिसत नाही!” ते खोटे बोलत नव्हते, याचीच मला भीती वाटते.

हल्ली यादी आपोआप शोधून काढणारी साधनेही आहेत. ती साऱ्या पत्त्यांवर हाका मारीत जातात आणि ओ देईल त्याचे नाव टिपून घेतात. मी ती वापरतो. पण त्यांच्यावर विसंबत नाही. जो ओ देत नाही त्याच्याचसाठी तर हा पहारा! पंगतीत कोण आले नाही हे कळते, ते पाट आधी मांडलेला असतो म्हणून.

मग तिथे यादी नव्याने करायला घेतली. कचेरीतून जडवस्तू नोंदवही मिळाली. तीत ‘स्विच, नग ६’ एवढेच; ते सहा कुठे बसले आहेत, हे देव जाणे. ते ठाऊक होते निवृत्तीला आलेल्या एका वायरमनना. त्यांच्या मागून मी आठ दिवस मजले हिंडलो. ते छताकडे पाहून सांगत, “साहेब, ही वायर तिकडे दिसते, पण जाते शवागाराकडे.” कोणाच्या मागे कोण हा रकाना त्यांच्याच तोंडून भरला. तो फार मोलाचा. कारण मधला स्विच गेला की त्याच्यापलीकडची चाळीस यंत्रे मेली असे न समजता नॅजिऑस ती ‘पोहोचता येत नाहीत’ एवढेच म्हणतो, आणि रात्री चाळीसऐवजी एकच निरोप येतो.

तयार झालेली फाईल नॅजिऑस स्वतः तपासून घेतो. मागच्या यंत्राचे नाव लिहिले पण ते यादीत नाही, असली चूक तो तत्काळ पकडतो. पण जे यंत्र लिहिलेच नाही, त्याबद्दल तो बिचारा काय बोलणार? आणि काश्यप गोत्राची सोय इथेही आहेच! जे सांगितले नाही ते मूळ साच्यातून येते, आणि रक्तपेढीच्या स्विचलाही मग कँटीनच्या स्विचइतकीच निकड मिळते. म्हणून निकडीचा रकाना मी कोरा चालू देत नाही.

यादीच्या शेवटी वायरमननी एक ‘शेरा’ रकाना मागून घेतला होता. पोथीत त्याला जागा नव्हती. नॅजिऑसमध्ये अशा टिपणासाठी सोय आहे. ती शोधून मी आणखी एक ‘अमुक’ वाढवला. आता प्रयोगशाळेतला तो स्विच बंद पडला, की रात्रपाळीच्या माणसाला निरोपाबरोबर हेही येते: ‘जिन्याखालचे कपाट. किल्ली तळमजल्यावर सिस्टरांकडे. दार वर उचलून ओढावे.’